सल्लागार आणि गिऱ्हाईक : दोघांनीही पाळायची रीत



आपल्या वार्तापत्रात एरवी लागणीचा हंगाम, खताची मात्रा, खोडव्याची निगा, तोडणी-वाहतूक अशा विषयांवर लिहिले जाते, आणि ते योग्यच आहे. आजचा विषय थोडा वेगळा आहे. पण वेगळा असला तरी तो आता आपल्या उंबऱ्यापर्यंत आलेला आहे, म्हणून त्यावर चार शब्द लिहिणे जरूर वाटते.

ऊस कारखान्याला घालून शिवाय जोडधंदा करणारी सभासदांची घरे आता पुष्कळ आहेत. कुणाचे गुऱ्हाळ आहे, कुणी काकवी आणि गुळाची पावडर बाटल्या-पुड्यांत भरून विकतो, कुणाची ऊस रोपवाटिका आहे, कुणी शेतावर पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत, कुणाचे पोरगे ट्रॅक्टरची अवजारे बनवते. असा धंदा सुरू झाला की घरातली तरुण मंडळी वेबसाईट काढतात. वेबसाईट निघाली की थोड्याच दिवसांत फोन यायला लागतात : “साहेब, तुमची वेबसाईट गूगलवर दिसतच नाही. आम्ही पहिल्या नंबरवर आणून देतो. गॅरंटी आहे. आजच्या आज बुकिंग केलंत तर सवलत.”

हे फोन करणारे स्वतःला सर्च मार्केटिंगचे सल्लागार म्हणवतात. त्यांत जाणकार आणि सचोटीची माणसे आहेत, तशी नुसती बोलघेवडीही आहेत. दुसरी गोष्ट अशी, की आपल्याच गावची शिकलेली मुले-मुली आज हाच व्यवसाय करू लागली आहेत. कुणी पुण्यात नोकरीला आहे, कुणी घरी बसून काम घेते. म्हणजे या व्यवहारात सभासदाचे घर दोन्ही बाजूंना आहे. एका घरात गिऱ्हाईक आणि शेजारच्या घरात सल्लागार, अशी स्थिती आहे. तेव्हा सौदा ठरण्याआधी या दोघांनी एकमेकांशी कसे वागावे, याचा विचार व्हायला हवा. माझे म्हणणे थोडक्यात असे : सल्लागाराने आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची हमी विकू नये, आणि गिऱ्हाइकाने दुसऱ्याचे डोके फुकट वापरू नये. एवढी रीत दोघांनी पाळली तर बाकीचे बरेचसे आपोआप सुरळीत होते.

हे काम नेमके काय?

आधी काम समजून घेऊ. मुंबईतील एखादी बाई फोनवर “सेंद्रिय गूळ” असे शब्द लिहून शोध घेते. गूगल तिच्यापुढे एक यादी ठेवते. यादी लांबलचक असते, पण माणसे वरची चार-सहा नावे पाहतात आणि तिथेच थांबतात. आपले नाव त्या वरच्या भागात यावे यासाठी जी खटपट करायची, ती या सल्लागाराची विद्या. वेबसाईट लवकर उघडते का, फोनवर नीट वाचता येते का, गिऱ्हाईक जे शब्द वापरते ते तिथे आहेत का, मालाची खरी आणि पुरेशी माहिती दिली आहे का, पत्ता आणि फोन सगळीकडे सारखा आहे का, दुसऱ्या चांगल्या वेबसाईट आपला उल्लेख करतात का, असे अनेक धागे तो तपासतो.

या यादीत दोन भाग असतात, हे ध्यानात ठेवावे. एक भाग जाहिरातीचा. तिथे सहसा जितक्या वेळा कुणी आपल्या जाहिरातीवर बोट ठेवील तितक्या वेळा पैसे मोजावे लागतात, आणि ती जाहिरात आहे असे गूगल तिथे लिहिते. दुसरा भाग नैसर्गिक यादीचा. त्या भागातील जागा पैसे देऊन विकत मिळत नाही. गूगलला दरमहा लाखो रुपयांच्या जाहिराती देणाऱ्यालाही नैसर्गिक यादीत त्या जोरावर वरची जागा मिळत नाही, असे गूगलने स्पष्ट सांगितलेले आहे. पहिल्या नंबरची हमी कुणीही देऊ शकत नाही, हेही गूगलच्याच मार्गदर्शनात लिहिलेले आहे.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा सल्लागार म्हणजे शेतकी खात्याच्या जाणत्या अधिकाऱ्यासारखा. तो बेणे सुचवील, सरीचे अंतर सांगेल, माती परीक्षणावरून खताचा हिशेब मांडून देईल. पण पाऊस त्याच्या हातात नाही. “एकरी शंभर टन पडलेच म्हणून समजा” असे बांधावर पाय न ठेवता कुणी सांगू लागला, तर आपण त्याला चहा पाजून वाटेला लावतो. तोच न्याय इथेही लावायला हवा.

सल्लागाराने काय पाळावे

पहिली गोष्ट, विचारल्याशिवाय सांगू नये. गिऱ्हाइकाचा माल कोणता, तो कुठे जातो, वर्षाला किती निघतो, आणखी मागणी आली तर पुरवता येईल का, एवढे विचारल्याशिवाय सल्ला देणे म्हणजे नाडी न बघता पुडी बांधून देणे होय. एखाद्याचा सगळा गूळ बाजार समितीतल्या अडत्याकडे जातो आणि तिथून गुजरातच्या व्यापाऱ्याकडे. त्या माणसाला किरकोळ गिऱ्हाइकासाठी गूगलवर वर यायची गरज आहे का? कदाचित नसेलही. अशा वेळी “पाटील, तुम्हाला आत्ता हे काम नको, आधी पुड्या भरायची सोय करा” असे सांगणारा सल्लागार भेटला तर त्याचे नाव लिहून ठेवावे. पुढे कधी गरज पडली तर त्याच्याकडेच जावे. आज काम नाकारणारा माणूस उद्या काम घेईल तेव्हा ते खरे करील, असा भरवसा धरायला हरकत नाही.

दुसरी गोष्ट, भीती घालू नये. “तुमच्या वेबसाईटमध्ये दीडशे चुका निघाल्या आहेत” असा छापील अहवाल न मागता धाडायचा, हा एक धंद्याचा प्रकार झाला आहे. असा अहवाल यंत्र दोन मिनिटांत काढते. त्यातल्या कोणत्या चुकीने खरे नुकसान होते आणि कोणती नुसती कुसळासारखी आहे, हे माणसाने सांगायचे असते. ते न सांगता केवळ आकडा पुढे करणे म्हणजे समोरच्याच्या अज्ञानावर उभे राहणे आहे. त्याचप्रमाणे आधीच्या माणसाने केलेले काम पाहून “हे कुणी गाढवाने केलंय?” असे म्हणण्याची सवयही वाईट. तो कदाचित गिऱ्हाइकाचा भाचा असेल, आणि त्याने घरचे म्हणून फुकट केलेले असेल.

तिसरी गोष्ट, वेळेचा खरा अंदाज द्यावा. सुधारणा करून तिचा गुण दिसायला बहुतेक वेळा चार महिने ते एक वर्ष लागते, असे गूगलचेच म्हणणे आहे. आपल्याला हे समजायला अवघड जाऊ नये. सुरू उसाला वर्ष लागते आणि आडसालीला सोळा ते अठरा महिने. तिसऱ्या महिन्यात कुणी आडसालीच्या सरीत मोळी बांधायला जात नाही. पण लागण करताना हे माहीत असते, म्हणून आपण धीर धरतो. सल्लागाराने हा कालावधी पहिल्या भेटीतच सांगितला तर गिऱ्हाईकही धीर धरील. सौदा पक्का करताना “महिन्याभरात” म्हणायचे आणि मग दर महिन्याला नवी सबब सांगायची, यात दोघांचीही अब्रू जाते.

चौथी गोष्ट भाषेची. या धंद्यात इंग्रजी अक्षरांची जोडनावे फार. समोरच्याला ती कळत नाहीत हे ठाऊक असून तीच वापरायची, हा उद्धटपणा आहे. ज्याला आपले काम खरोखर समजले आहे, त्याला ते गुऱ्हाळाच्या चुलवणापाशी बसून साध्या मराठीत सांगता येते. तसे सांगता येत नसेल तर त्याचे स्वतःचेच ज्ञान कच्चे आहे किंवा काही झाकायचे आहे, असा अर्थ निघतो.

गिऱ्हाइकाने काय पाळावे

आता आपल्या बाजूचे बोलू, कारण दोष सगळा परक्याच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे असते.

गुऱ्हाळावर गुळव्याला बोलवायचे, त्याच्याकडून एक आधण उतरवून घ्यायचे आणि पैशाच्या वेळी “आम्ही नुसती तुमची हातोटी बघत होतो” म्हणायचे, हे आपल्यापैकी कुणी करील काय? कुणी केलेच तर गावात त्याच्या गुऱ्हाळाला गुळव्या मिळणार नाही. पण डोक्याने काम करणाऱ्या माणसाशी आपण हेच करतो. त्याला बोलावतो, दोन तास बसवतो, “सगळा आराखडा लिहून द्या, मग बघू” म्हणतो. तो दोन रात्री जागून कोणते शब्द घ्यावेत, कोणती पाने काढावीत, काय दुरुस्त करावे, हे लिहून देतो. मग तोच कागद आपण पाहुण्याच्या पोराला देऊन म्हणतो, “एवढं करून टाक रे.” ज्याने कागद लिहिला त्याचा फोनसुद्धा उचलत नाही. उसाला वजनकाट्यावर तोलता येते, डोक्यातल्या कामाला काटा नाही. म्हणून ते फुकटचे ठरत नाही.

यावर उपाय आहे. पहिली ओळखीची बैठक फुकट असावी. त्यात दोघांनी एकमेकांना पारखावे, आधीची कामे विचारावीत, ज्यांच्यासाठी कामे केली त्या दोघा-तिघांशी फोनवर बोलावे. पण वेबसाईट तपासून लेखी अहवाल हवा असेल तर त्याचे वेगळे, ठरलेले पैसे द्यावेत. माती परीक्षणाची फी आपण देतोच ना? फी दिली की तो अहवाल आपला. मग पुढचे काम त्याच सल्लागाराकडून करून घ्यायचे की दुसऱ्याकडून, याला आपण मोकळे, आणि त्यालाही तक्रारीला जागा राहत नाही.

दुसरी खोड म्हणजे नकार न देण्याची. “बघू, सांगतो, दिवाळीनंतर या” असे करत माणसाला महिनोन् महिने झुलवत ठेवायचे. आपल्याला हे भिडस्तपणाचे वाटते, पण समोरच्याचे पोट त्यावर असते. तो दुसरे काम न घेता आपल्यासाठी थांबलेला असतो. “तुमचा दर आम्हाला परवडत नाही” किंवा “आम्ही दुसऱ्याला काम दिलं” एवढे एक वाक्य त्याच दिवशी सांगितले तर तो रागावत नाही, उलट आभार मानतो. तोडणीची टोळी येणार की नाही हे मुकादम सांगत नाही तेव्हा आपला जीव कसा टांगणीला लागतो, ते आठवावे. तसेच दुसऱ्याचेही असते.

तिसरी गोष्ट, माहिती लपवू नये. आधी कुणी काम केले होते, त्यात काय बिघडले, खर्चाची ताकद किती, माल खरोखर किती आहे, हे मोकळेपणाने सांगावे. वैद्यापासून दुखणे आणि वकिलापासून कागद लपवू नये म्हणतात. या सल्लागारालाही तेच लागू आहे.

आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची. गिऱ्हाइकाने सल्लागाराला लबाडी करायला सांगू नये. “पन्नास-शंभर खोट्या शिफारशी टाकून द्या” अशी मागणी बिनदिक्कत केली जाते. खोटे अभिप्राय टाकायला गूगलची मनाई आहे. आपल्या देशातही भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ग्राहकांच्या अशा अभिप्रायांसाठी मानक ठरवून दिले आहे. आणखी एक उदाहरण घ्या. कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. “कोल्हापुरी गूळ” हे शब्द लोक शोधतात, म्हणून दुसऱ्या भागातल्या गुऱ्हाळाच्या वेबसाईटवर ते छापायचे, हे त्या भागातल्या गुळवाल्याच्या मालकीवर हात मारणे आहे. सल्लागाराने असे सुचवले तर आपण नाही म्हणावे. आपण सुचवले तर सल्लागाराने नाही म्हणावे. आपला गूळ आपल्या गावाच्या खऱ्या नावाने विकला गेला तरच ते नाव पुढे मोठे होईल.

लबाडीची शिक्षा मालकाला होते

इथे कुणी म्हणेल, “लबाडी सल्लागार करील, आपल्याला काय त्याचं? आपल्याला नंबर आला म्हणजे झालं.” हा विचार फार महागात पडतो, आणि याचे दाखले जगापुढे आहेत.

२००६ सालच्या फेब्रुवारीत गूगलने बीएमडब्ल्यू या प्रसिद्ध मोटार कंपनीची जर्मन वेबसाईट आपल्या यादीतून काढून टाकली. कारण काय, तर गूगलच्या यंत्राला एक मजकूर दाखवायचा आणि येणाऱ्या माणसाला दुसरेच पान उघडून द्यायचे, अशी योजना तिथे होती. पुढे ती पाने काढल्यावर वेबसाईट यादीत परत आली, पण बोभाटा व्हायचा तो झालाच.

२०११ साली अमेरिकेतील जेसी पेनी या मोठ्या दुकान-साखळीचे असेच झाले. त्या आधीच्या नाताळच्या खरेदीत कपडे, अंथरुणे-पांघरुणे, गालिचे अशा कितीतरी शब्दांना त्यांचेच नाव अगदी वर येत होते. न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने शोध घेतला तेव्हा दिसले, की काही संबंध नसलेल्या शेकडो वेबसाईटवर या दुकानाकडे नेणारे हजारो दुवे पेरून ठेवलेले आहेत. गूगलने कारवाई केली आणि नाव पहिल्या जागेवरून कितीतरी खाली गेले. हे आपल्या संमतीने किंवा माहितीने झाले नाही, असे कंपनीने सांगितले आणि आपल्या सल्लागार संस्थेला काढून टाकले. पण नाव खाली गेले ते दुकानाचे.

बरे, गूगल परक्यालाच शिक्षा करते असेही नाही. २०१२ सालच्या जानेवारीत गूगलच्या स्वतःच्या क्रोम या उत्पादनासाठी पैसे देऊन लेख लिहवून घेतल्याचे उघड झाले. नियमात बसत नसलेला दुवा त्यात सापडला, तेव्हा त्यांनी आपल्याच क्रोमच्या पानाला किमान ६० दिवसांसाठी खाली ढकलले.

मोठ्या कंपन्या यातून सावरतात. त्यांच्याकडे पैसा असतो, माणसे असतात. आपल्या गुऱ्हाळाचे नाव दिवाळीच्या तोंडावर यादीतून गेले तर तो हंगाम गेलाच म्हणून समजावे. म्हणून “तू कसं करतोस ते मला विचारायचं नाही, नंबर आण” असे सल्लागाराला म्हणणे ही आपल्याच पायावर कुऱ्हाड आहे. काय करणार, कसे करणार, हे विचारणे म्हणजे संशय घेणे नाही. सचोटीचा सल्लागार ते आनंदाने सांगतो.

मालकी आपल्या नावावर, किल्ली आपल्या खिशात

आदर म्हणजे आंधळा विश्वास नव्हे. सख्ख्या भावांतही जमिनीचा सातबारा ज्याचा त्याच्या नावावर असतो आणि त्याने प्रेम कमी होत नाही. तसेच इथे काही गोष्टी सुरुवातीलाच लिहून ठेवाव्यात.

१. वेबसाईटचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते आपल्याच नावावर नोंदलेले असावे. तो आपल्या धंद्याचा सातबारा आहे. सल्लागाराने सोयीसाठी स्वतःच्या नावावर घेतलेले डोमेन भांडण झाल्यावर परत मिळवणे फार त्रासाचे असते.

२. गूगलवर आपल्या धंद्याची नोंद करायला पैसे पडत नाहीत. त्या नोंदीचे मालक आपण राहावे आणि सल्लागाराला व्यवस्थापक म्हणून जोडावे. आपला पासवर्ड न देताही अशी सोय करता येते. वेबसाईटची तब्येत दाखवणारे सर्च कन्सोल नावाचे गूगलचे साधनही फुकट आहे. तिथेही दुसऱ्याला मर्यादित परवानगी देता येते. ओटीपी मात्र कुणालाही सांगू नये.

३. जाहिराती द्यायच्या असतील तर जाहिरातीचे पैसे वेगळे आणि सल्लागाराची फी वेगळी, असा हिशेब असावा. जाहिरातीचे खाते आपल्या नावे असावे, म्हणजे किती रुपये खरोखर जाहिरातीला गेले ते आपल्या डोळ्यांनी दिसते.

४. वर्षाचे पैसे एकरकमी देऊ नयेत. तोडणीसाठी मुकादमाला दिलेल्या उचलीचा अनुभव आपल्या भागात नवा नाही. आधी दोन-तीन महिन्यांचे छोटे काम ठरवावे आणि त्याचे पैसे मात्र ठरल्या दिवशी द्यावेत. उसाचे बिल लांबले की आपल्याला काय वाटते ते आपणच जाणतो.

५. यश कशाने मोजायचे ते आधी ठरवावे. नुसता नंबर धरून बसू नये. आपलेच पूर्ण नाव लिहून शोधले तर आपण पहिले येणारच. त्यात सल्लागाराचे कर्तृत्व नाही. किती फोन आले, किती चौकशा आल्या, त्यांतून किती किलो माल गेला, हा खरा उतारा. ट्रॉली कितीही शिगोशिग भरलेली दिसली तरी शेवटी काटा आणि उतारा बोलतो.

६. संबंध संपवायचा झाल्यास किती दिवस आधी सांगायचे आणि कोणते कागद, किल्ल्या परत करायच्या, हेही त्याच कागदावर असावे. निरोपही रीतीने घेतला जावा.

“धंदा आहे, त्यात आदर कसला?”

काही सभासद म्हणतील, “हा पैशाचा व्यवहार. काम केलं तर पैसे, नाही तर चालते व्हा. एवढा आदर-बिदर कशाला?” या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. सल्लागार हा काही पाहुणा नव्हे, आणि गोड बोलून खराब काम करणारा आपल्याला नकोच. पण जिथे एकाला माहिती आहे आणि दुसऱ्याला नाही, तिथे निव्वळ पैशाच्या जोरावर चांगले काम होत नाही. खत विकत घेतले तर पोते फोडून बघता येते. सल्ला विकत घेताना पोते फोडता येत नाही. तो खरा की खोटा हे सहा महिन्यांनी कळते. ते सहा महिने दोघांना एकमेकांच्या शब्दावर काढायचे असतात. शब्दाला किंमत राहायची तर पहिल्या भेटीपासून वागणे सरळ हवे.

आपल्या साखर कारखानदारीची सुरुवातच अशा नात्यातून झालेली आहे. विठ्ठलराव विखे पाटील यांचे शालेय शिक्षण फारसे झालेले नव्हते. धनंजयराव गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. एक शेतकरी आणि एक अर्थशास्त्रज्ञ. विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवले, आणि गाडगीळांनी नुसता सल्ला देऊन बाजूला न होता प्रवरानगरच्या कारखान्याचे पहिले अध्यक्षपद स्वीकारले. १९५० साली तो कारखाना उभा राहिला. शिकलेल्याने न शिकलेल्याला अडाणी मानले असते, किंवा शेतकऱ्याने “पुस्तकी माणसाला उसातलं काय कळतंय” म्हटले असते, तर सहकारी साखर कारखानदारीचा तो पाया घातला गेला नसता. सल्लागार आणि सल्ला घेणारा यांचे नाते कसे असावे, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

घरातल्या तरुण मंडळींना

शेवटी, हा व्यवसाय करणाऱ्या आपल्याच मुला-मुलींना वडिलकीच्या नात्याने दोन शब्द. तुमच्या हातात चांगली विद्या आहे. ती घेऊन पहिल्यांदा तुम्ही ओळखीच्याच माणसांकडे जाल : मामाकडे, वडिलांच्या मित्राकडे, शेजारच्या गुऱ्हाळवाल्याकडे. ती माणसे तुमच्या आई-वडिलांचे तोंड बघून होकार देतील. तिथे खोटी हमी दिलीत तर तुमच्या एकट्याचा धंदा बुडणार नाही, तुमच्यामागून येणाऱ्या प्रत्येक पोराला गाव म्हणेल, “नको बाबा, मागं एक असाच येऊन गेला.” म्हणून आपला दर स्पष्ट सांगा, न लाजता सांगा. जे जमणार नाही ते आधी सांगा. कुणी नाही म्हटले तर रोज फोन करून भंडावू नका. नमस्कार करून निघा. सरळ निघालेल्या माणसाला परत बोलावणे येते.

आणि ज्येष्ठ सभासदांना विनंती अशी, की असा एखादा तरुण दारात आला तर त्याला सुरुवातीलाच ठग समजू नका आणि घरगडीही समजू नका. बसायला सांगा, पाणी द्या, चार प्रश्न विचारा. उत्तरे पटली तर लहानसे काम देऊन बघा. पटली नाहीत तर त्याच दिवशी स्पष्ट सांगा. काट्यावर आपल्या उसाचे वजन खरे व्हावे, एवढीच आपली कारखान्याकडून अपेक्षा असते. दुसऱ्याच्या कष्टाचे वजन आपणही खरेच करावे, यात सहकाराची शिकवण आली.

जय सहकार!